ओढायची गाडी, बसायची गाडी

पहाटे ५.४५

तुळशीचं लग्न तोंडावर आलं की सिहोऱ्यातल्या बिछायत केंद्रांत धावपळ सुरू होते. कनाती झटकायच्या, खुर्च्या मोजायच्या, पावसाळाभर कोपऱ्यात उभा राहिलेला जनरेटर चालू करून पाहायचा. बांध्यांतलं धान नुकतंच कापून झालेलं असतं, मळणी जोरात असते, आणि नेमकं याच वेळी लग्नसराईचं पहिलं बुकिंग येतं. म्हणजे जनरेटरची ट्रॉली ओढायला ट्रॅक्टर हवा तेव्हाच सगळे ट्रॅक्टर मळणीत गुंतलेले.

ज्या भाऊंसोबत आज मी निघालो आहे, त्यांची अडचण एवढीच. त्यांचा जनरेटर १५ केव्हीएचा, आवाजबंद पेटीतला. ट्रॉली धरून वजन हजार किलोच्या वर जातं. त्यांना अशी जुनी मोठी गाडी हवी आहे, जी लग्नाच्या दिवशी ही ट्रॉली ओढेल आणि एरवी मुलीला तुमसरच्या कॉलेजात, आईला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेईल. त्यांच्या मनात स्कॉर्पिओ पक्की बसली आहे, आणि तीही पांढरी.

सोबत मिस्त्री आहेत. तुमसर–बपेरा रस्त्यावर त्यांचं गॅरेज आहे. गाडी दाखवायला नेलं की मिस्त्री दिवसाचे ठरावीक पैसे घेतात, गाडी पसंत पडो की न पडो. विकणाऱ्याकडून मात्र एक रुपया घेत नाहीत. सेकंड हँड गाडीच्या व्यवहारात मला यापेक्षा मोठी हमी माहीत नाही.

६.३०

पहिली गाडी जवळच्याच एका गावात आहे. २०१३ची स्कॉर्पिओ, २.२ लिटरचं एमहॉक इंजिन. कागदावर ताकद भरपूर, १२० अश्वशक्ती आणि २९० न्यूटन-मीटर टॉर्क. मिस्त्रींनी काल रात्रीच फोन करून सांगितलं होतं, "आमी येईपर्यंत चालू करू नोका जी." पोचल्याबरोबर त्यांनी बोनेटवर तळहात ठेवला. थंड होतं. मालक प्रामाणिक निघाला, निदान इथपर्यंत तरी.

थंड इंजिन काही लपवू शकत नाही. गरम गाडी कशीही चालू होते. रात्रभर थंडीत उभं राहिलेलं डिझेल इंजिन किती वेळ कुरकुरतं, पहिला धूर कोणत्या रंगाचा निघतो, त्यात सगळं येतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त जातंय, नाहीतर हवा कमी मिळतेय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही तर प्रकरण खर्चाचं. या गाडीने थोडा पांढरा धूर सोडला आणि मिनिटाभरात साफ झाली. मिस्त्रींनी ऑइल भरायचं झाकण उघडून त्यावर हात धरला. आतून फसफस वाफ येत असेल तर 'इंजिन बॅक मारतंय' म्हणायचं, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. तेही ठीक निघालं. भाऊंचा चेहरा उजळला.

मग मिस्त्रींनी पोतं अंथरलं आणि पाठीवर झोपून गाडीखाली शिरले.

ते खाली पुष्कळ वेळ होते. मालकाने चहा आणला, तो निवला. बाहेर आले तेव्हा त्यांनी भाऊंना वाकायला लावलं आणि बॅटरीच्या उजेडात मागच्या आडव्या पट्टीकडे बोट दाखवलं. दोन लांब पट्ट्यांची शिडी आणि तिला मधे आडवे दांडे, असा अशा गाड्यांचा सांगाडा असतो. बोलेरो, स्कॉर्पिओ, जुनी सफारी, सुमो, या सगळ्यांची बॉडी या चेसिसवर बोल्टने बसवलेली. या गाडीच्या शेवटच्या दांड्याला कुणीतरी हूक वेल्डिंग केला होता, आणि वेल्डिंगच्या कडेने केसाएवढी चीर चेसिसच्या मुख्य पट्टीकडे निघाली होती. दांडाही थोडा मागे खेचला गेलेला.

"टोचन करत होते का जी गाडीनं?"

मालक म्हणाला, "कधीमधी. घाटावर ट्रॅक्टर फसला का लोक बोलवत."

इथे घाट म्हणजे रेतीघाट. ओल्या रेतीत रुतलेला भरला ट्रॅक्टर झटक्याने ओढायचा म्हटलं की गाडीच्या वजनाच्या कितीतरी पट ताण त्या एका वेल्डिंगवर येतो. इंजिन सहन करतं, लोखंड लक्षात ठेवतं. नंतर मिस्त्रींनी हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच हळूहळू सोडला. चांगल्या क्लचवर इंजिन बंद पडायला पाहिजे. हे गुरगुरत राहिलं, आणि जळक्या प्लेटचा वास आला.

गाडी नाकारली. चहा मात्र गरम करून दोघांनी घेतला, कारण उद्या याच माणसाच्या घरचं लग्न असू शकतं.

९.००

तुमसरच्या रस्त्यावर भाऊ गप्प आहेत. गाडीत वाद घालण्याचं काम मिस्त्री करतात. समोरून काळी-पिवळ्या जातात, आतले प्रवासी मोजायच्या पलीकडचे. तुमसरच्या बाजारात धान घेऊन निघालेल्या ट्रॉल्या रस्ता अडवतात. तुमसरची बाजारपेठ तांदळासाठी प्रसिद्ध आहे, आणि कार्तिकात या रस्त्यावर ते दिसतंच.

मिस्त्रींचा मुद्दा साधा आहे. "गाडी किती वढते ते कोणीबी सांगल. थांबते किती ते विचारा." दीड टनावरची गाडी, मागे हजारावर किलोची ट्रॉली, आणि त्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही. उतारावर पाय दाबला की गाडी थांबायला बघते आणि ट्रॉली तिला ढकलते. मागचा जोड वळला तर ट्रॉली बाजूने पुढे येऊन गाडीलाच आडवी पाडते. ट्रॅक्टरचं चालून जातं, कारण तो रांगत चालतो. स्कॉर्पिओवाला रांगणार नाही. त्याच्या हातात स्कॉर्पिओ असते.

१०.३०

तुमसरमध्ये जुन्या गाड्यांच्या एका अंगणात आम्ही उतरलो. (नाव लिहीत नाही. सगळीच अंगणं बरीचशी सारखी असतात.) गाड्या धुऊन, टायरला काळं पॉलिश लावून ओळीने उभ्या.

इथे तासभर गेला, पण लिहिण्यासारखं थोडंच. चकचकीत एक्सयूव्ही ५०० दाखवली. ही गाडी २०११ साली आली तेव्हा लोक वेडे झाले होते. बसायला फार सुंदर. पण तिला वेगळं चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा, आणि बहुतेक गाड्यांत ओढ पुढच्या चाकांना. मागच्या टोकावर ट्रॉलीचं वजन टेकलं की पुढची चाकं हलकी होतात. चढावर जिथे पकड हवी तिथेच ती कमी पडते. मिस्त्रींनी दारही उघडलं नाही.

दुसरी दिल्ली पासिंगची स्कॉर्पिओ, भलती स्वस्त. स्वस्ताईचं कारण सरळ आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले आणि तिथल्या मोठ्या डिझेल गाड्या बाहेरच्या राज्यांत विकायला निघाल्या. गाडीत खोट असेलच असं नाही. पण तिकडच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र आणायचं, इथे पुन्हा नोंदणी करायची, आपल्या राज्याचा कर वयाच्या हिशोबाने भरायचा. एवढं सगळं जोडलं की स्वस्ताई पातळ होते. बपेऱ्यापलीकडे बालाघाटची, एमपी ५० नंबरची गाडी घेतली तरी हेच सोपस्कार.

तिसरी भंडारा पासिंगचीच होती, एमएच ३६. मिस्त्रींनी मागच्या सीटखालचं कार्पेट उचललं, बोट फिरवलं, सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागावर मातकट रेघ होती. ऑगस्ट २०२० अखेरीस वैनगंगेला आलेला पूर भंडारेकर विसरलेले नाहीत. संजय सरोवरातून सुटलेलं पाणी शहरात शिरलं होतं. त्यात बुडालेल्या गाड्या वाळल्या, रंगल्या आणि फिरत राहिल्या. इंजिन उघडून धुता येतं. वायरिंगच्या जोडांतला गंज वर्षावर्षाने डोकं काढतो, आणि नेमका वरात निघाल्यावर. सीटबेल्ट कुणी धूत नाही, म्हणून तो खरं बोलतो.

१२.३०

जेवताना भाऊ मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवतात. अवाढव्य गाडी, मागे मोटारबोट. शेवरलेची सबर्बन तिकडे १९३५पासून बनते आहे. तिच्यासारख्या गाड्या तीन-साडेतीन टन ओढतात, आणि ते वजन कंपनी छापून देते. आपल्याकडच्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत बहुधा हा रकानाच नसतो. कुणी ओढेल असं धरलेलंच नाही. युरोपात नियम असा की ब्रेक नसलेली ट्रॉली ७५० किलोपर्यंतच, किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मी, यात जे कमी असेल ते. त्या मापाने भाऊंची ट्रॉली कोणत्याच स्कॉर्पिओमागे बसत नाही.

मग मी विम्याचा विषय काढला आणि भाऊंचा घास थांबला. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने वापर चालणार नाही, सामानाची वाहतूक चालणार नाही, स्वतःच्या सामानसुमानाचा अपवाद असतो. लग्नाला भाड्याने दिलेला जनरेटर स्वतःचं सामानसुमान होत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न हाच असेल. शिवाय १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रॉली हेसुद्धा वाहनच आहे. तिला तिची नोंदणी लागते, जशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला असते. गावच्या वेल्डरकडून बनवून घेतलेल्या ट्रॉलीला ती नाही.

"मग सगळे वढतात ते?"

"वढतात नं," मिस्त्री म्हणाले, "धडकेपर्यंत वढतात."

२.१५

दुपारी आम्ही एका भुसार व्यापाऱ्याच्या गोदामाशी गेलो. ही जागा मिस्त्रींनी सकाळपासून मनात ठेवली होती. वाटेत त्यांनी भाऊंना विचारलं होतं, "तुमाले स्कॉर्पिओ पायजे का गाडी पायजे?" उत्तर आलं नव्हतं.

गोदामाबाहेर कॅम्पर उभी होती. बोलेरोचंच तोंड, पुढे चार दारं, दोन ओळी सीट, मागे उघडा डाला. पाच जण बसतात, डाल्यात टनभर माल जातो. नोंदणी मालवाहू, पाटी पिवळी. मागे पाट्यांचे स्प्रिंग, मागच्या चाकांना ओढ, जुनं अडीच लिटरचं इंजिन. ताकद स्कॉर्पिओच्या जवळपास निम्मी, पण सिहोऱ्यातला कोणताही मिस्त्री डोळे मिटून खोलेल असं. बोलेरो २००० साली आली, स्कॉर्पिओ २००२ साली. इतकी वर्षं खेड्यांत फिरल्यामुळे बोलेरोचे सुटे भाग तुमसरला उभ्या उभ्या मिळतात. एमहॉकचा इंजेक्टर गेला तर नागपूरचा रस्ता धरावा लागतो. लग्नाच्या आदल्या रात्री हा फरक अश्वशक्तीपेक्षा मोठा ठरतो.

मिस्त्री पुन्हा पोत्यावर. या वेळी खालून त्यांचा आवाज येत राहिला. चेसिसवर ठोकलेला नंबर वाचून दाखवला, मी तो आरसीशी ताडून पाहिला. पाटे मोजले, एकही तुटका नाही. प्रॉपेलर शाफ्ट हाताने हलवला, क्रॉसमध्ये किंचित खेळ. डिफरन्शिअलच्या सीलमधून ऑइल पाझरतंय. डाल्याच्या कोपऱ्यांत गंज, तांदळाचा कोंडा आणि ओल साचून धरलेला. टायरच्या बगलेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दोन टायर म्हातारे निघाले. क्लचची तीच परीक्षा घेतली, इंजिन खाडकन बंद पडलं. व्यापाऱ्याचा चालक हसला. नवी प्लेट टाकून फार दिवस झाले नव्हते, बिल होतं.

दोष सगळे दिसण्यासारखे आणि पैशात मोजता येण्यासारखे. मिस्त्रींच्या मते चांगली जुनी गाडी म्हणतात ती हीच, आणि मलाही ते पटतं.

४.००

व्यापारी मोठ्या मनाचा. चालकासह गाडी सिहोऱ्यापर्यंत द्यायला तयार झाला. भाऊंच्या अंगणात ट्रॉली जोडली. इथे मिस्त्रींनी अर्धा तास घालवला, आणि तो मला दिवसातला सगळ्यात कामाचा वाटला.

जनरेटर ट्रॉलीच्या मागच्या बाजूला सरकवून बसवलेला होता, कारण तिथून केबल काढायला सोपं. त्यामुळे जोडाचं टोक वर उचललं जात होतं. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी जोडावर खाली टेकला पाहिजे. नाहीतर वेग वाढला की शेपूट डावी-उजवी मारायला लागतं आणि मग चालकाच्या हातात काही उरत नाही. चार जणांनी जनरेटर पहारीने पुढे सरकवला. पिनेला सोबत म्हणून साखळी बांधली. ट्रॉलीला मागचा दिवा नव्हताच. अंधारात वरातीमागे चालणारी बिनदिव्याची ट्रॉली रोज दिसते, त्यामुळे कुणाला ती खटकतही नाही.

चांदपूरच्या जलाशयाकडे चढाचा तुकडा आहे. मंगळवार-शनिवारी हनुमानाच्या दर्शनाला जाणाऱ्यांची गर्दी असते, आज रस्ता मोकळा. कॅम्पर मधोमध थांबवून पुन्हा उचलली. पहिल्या गिअरमध्ये कण्हत, पण वास न येता निघाली. सपाटीवर तिसऱ्यात आरामात. उतारावर मिस्त्रींनी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून सावकाश ब्रेक मारायला सांगितलं. गाडी थांबली, पण ट्रॉलीचा धक्का पाठीत बसला. पुन्हा थोड्या जास्त वेगाने. या वेळी मागची चाकं किंचित सरकली.

"पाह्यलं का?" मिस्त्री म्हणाले. "हे ताशी तीसवर. चाळीसवर कोण समोर आलं तर?"

परत येऊन ट्रॉली सोडली. साखळी-पुलीने जनरेटर उचलून थेट डाल्यात ठेवला, केबिनला टेकवून, पट्ट्यांनी चारही बाजूंनी आवळून. ट्रॉली गेली की उरतं सातआठशे किलो, म्हणजे गाडीच्या मर्यादेतच. तोच चढ, तोच उतार. गाडी दबली, वळणावर जराशी झुकली, पण थांबली ती एका जागी थांबली. गाडीचे चारही ब्रेक आता सगळ्या वजनाखाली होते.

सकाळपासून आम्ही ओढणारी गाडी शोधत होतो. काम वाहून नेणाऱ्या गाडीचं होतं.

६.००

घरी पंचायत बसली. मुलीला मागच्या सीटवर बसवलं, तिने पाठ फारच सरळ असल्याची तक्रार केली. आजीला चढायला पायरी उंच पडते, तिथे फळी बसवावी लागेल. वहिनींना पिवळी पाटी नको होती. पाहुण्यांकडे मालगाडी घेऊन कसं जायचं? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. आपल्याकडे मोठी गाडी दारात असणं ही पत असते, आणि बिछायतवाल्याचा धंदा पतीवरच चालतो. पण भाऊंनीच हिशोब मांडला. वर्षातले पाहुणचाराचे दिवस किती आणि धंद्याचे किती. वहिनी म्हणाल्या, "एसी तरी चालते का?" चालत होता.

पिवळ्या पाटीचा जाच आहेच, तो लपवत नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करून आणावी लागते. खासगी गाडीला पंधरा वर्षं हे बघावं लागत नाही. मात्र आरसीवर एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर वाहतुकीचा परवाना लागत नाही, आणि साडेसात टनांपर्यंतच्या अशा गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये ते पुन्हा पक्कं केलं.

८.००

फोनवर सौदा झाला. दोन टायर, क्रॉस आणि सील यांचे पैसे मिस्त्रींनी किमतीतून कापून घेतले. भाऊ लगेच रोख नेऊन द्यायला निघाले होते, त्यांना बसवलं. आधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का पाहायचं. असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. मग विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०, दोघांच्या सह्यांनिशी. विम्याची, फिटनेसची मुदत, आणि बाकी चलनं ऑनलाइन पाहून घ्यायची.

विकणाऱ्यालाही एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण गावोगाव नुसत्या स्टँपपेपरवर गाड्या हात बदलतात. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८च्या निकालात गाडी एकापुढे एक चार हातांत विकली गेली होती आणि नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघाताची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने त्या पहिल्या मालकावरच टाकली. म्हणून विकलेली गाडी चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवा, घेतलेली तीस दिवसांच्या आत नावावर करून घ्या, आणि तोवर किल्ली कुणाच्याही हातात देऊ नका.